निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन

माझी मुलगी बॅले शिकते, हे इस्लामपुरात कुणाला सांगायचं म्हणजे पहिली दोन वर्षं मला बरीच मेहनत घ्यावी लागायची. आधी तो शब्द सांगायचा, मग परत एकदा सांगायचा, मग "डान्सचाच प्रकार आहे, परदेशी" असं म्हणायचं, आणि तरी समोरचा गप्पच राहिला तर उठून चवड्यांवर उभं राहून दाखवायचं. माझं वजन ब्याण्णव किलो आहे. मी साखर कारखान्याच्या शेती खात्यात आहे. माझ्या टेबलासमोर लोक ऊसतोड कधी मिळणार ते विचारायला येतात. साहेब खुर्ची सोडून दोन्ही हात डोक्यावर गोल धरून उभे राहिलेले पाहिले की तोडीचं विचारायचं राहूनच जायचं.

वास्तविक सुरुवातीला सगळ्यात जास्त विरोध माझाच होता. मुलगी नऊ वर्षांची असताना सांगलीत मेव्हणीच्या मुलीच्या गॅदरिंगला आम्ही गेलो, तिथं तिनं हा नाच पाहिला आणि घरी येईपर्यंत दुसरं काही बोललीच नाही. शिकवणाऱ्या बाई लग्न होऊन बंगळुरातून सांगलीत आलेल्या, विश्रामबागेत एका दातांच्या दवाखान्याच्या वर क्लास घ्यायच्या. मी म्हणालो, असली थेरं आपल्यात चालत नाहीत. बायको म्हणाली, दोन महिने जाऊ द्या, कंटाळेल. दोन महिन्यांत मुलगी काही कंटाळली नाही, मीच पाघळलो. दर मंगळवारी आणि शुक्रवारी आष्ट्यावरून सांगलीला तिला नेणं-आणणं माझ्याकडं आलं. खाली गाडीत बसून यूट्यूबवर आठ-दहा व्हिडिओ बघितल्यावर मला या कलेतलं सगळं कळायला लागलं, आणि मी बाईंना सूचना करू लागलो. बाई सुसंस्कृत होत्या. त्या ऐकून घ्यायच्या.

ती अकरा वर्षांची झाली त्या वर्षी पाचगणीजवळच्या एका निवासी शाळेनं बॅलेचा वेगळा वर्ग काढला. राहणं, शाळा आणि रोज चार तास नाच. घेणार अगदी थोड्या मुली. पहिली चाचणी सांगलीत आणि शेवटची तिकडं वर, शाळेतच. मुलीनं माहितीपत्रक उशाखाली ठेवायला सुरुवात केली. तिला ते किती हवं होतं हे मला त्यावरून कळायला हवं होतं. मला कळलं ते एवढंच, की आपली मुलगी पाचगणीत शिकणार.

आमच्या घरात कुठलीही परीक्षा म्हणजे भरती. माझे थोरले भाऊ, घरात सगळे त्यांना आण्णा म्हणतात, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन आलेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "उंची किती मागत्यात?" उंची मागत नाहीत म्हटल्यावर त्यांना जरा हलकं वाटलं असावं, पण त्यांनी पुतणीला ताब्यात घेतलं. पहाटे कॅनॉलच्या कडेनं सोळाशे मीटर. आल्यावर भिजवलेले हरभरे. रविवारी दाराच्या चौकटीला उभं करून पेन्सिलीनं खूण. पंधरा दिवसांनी सांगलीच्या बाईंना पळण्याचं कळलं. त्यांनी सांगितलं की असं पळून मांड्या आखडतात, ताबडतोब बंद करा. आण्णांनी त्याच दिवशी बंद केलं. "वस्ताद सांगंल तसं," म्हणाले. त्या वेळी मी त्यांना मनातल्या मनात हसलो होतो. शिकवणाऱ्याचं ऐकायचं असतं ही गोष्ट त्यांना कळत होती, मला नाही, हे लक्षात यायला अजून वेळ होता.

सांगलीची चाचणी झाली आणि आठवड्यानं मेल आला. अंतिम फेरीसाठी बोलावलं होतं. मुलीनं तो दोनदा वाचला, फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "पप्पा, कुणाला सांगू नका. अजून झालेलं नाही."

मी शब्द दिला. तो साधारण एक चहा होईपर्यंत पाळला.

आमच्याकडं कुणी भरती झालं, फौजदार झालं, वाढदिवस झाला, की चौकात फ्लेक्स लागतो. त्यात गैर काही नाही, फक्त आधी ते व्हावं लागतं. मी दुकानात स्वतः बसून मजकूर सांगितला. 'सुप्रसिद्ध बॅले विद्यालयात अंतिम फेरीसाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' डिझाइन करणारा म्हणाला, एवढं बसत नाही, अक्षर बारीक होईल. मी म्हणालो, मग 'अंतिम फेरीसाठी' तेवढं बारीक कर. त्यानं ते इतकं बारीक केलं की शिडी लावल्याशिवाय वाचता येऊ नये. 'निवड झाल्याबद्दल' मात्र एसटीतनं दिसेल एवढं. मधोमध पाय उंच उचललेला मुलीचा फोटो, खाली ओळीनं अकरा शुभेच्छुक, त्यातले सात गॉगल घातलेले, आणि तिचा नाच पाहिलेला एकही नाही. माझा फोटो त्या ओळीत नको, ते बरं दिसत नाही, असं मी सांगितलं. माझा वर कोपऱ्यात टाकला.

आम्ही पाचगणीला निघालो की चौकातल्या पोरांनी मागं फ्लेक्स लावायचा, म्हणजे परत येताना तिला एकदम दिसेल, असं ठरवलं. नापास होण्याचा विचार मला एकदाही शिवला नाही. तिला शिवला होता. ती अख्ख्या पसरणी घाटात डोळे मिटून, ओठ हलवत मोजत होती.

शाळेत मुलींच्या छातीवर नंबर लावले आणि आत नेलं. पडदे ओढलेले होते. आम्ही आई-बाप बाहेर झाडाखाली. बायको शांतपणे डबा मांडीवर घेऊन बसली. मी मात्र पुण्या-मुंबईच्या पालकांना टाचा, गुडघे आणि घोटे यांच्याविषयी व्याख्यान दिलं. एका बाईंनी विचारलं, तुम्ही स्वतः नाचता का? मी "पूर्वी" म्हणालो. का म्हणालो, देव जाणे. बायकोनं डब्याचं झाकण उघडून परत लावलं.

चार वाजता एकेका मुलीला आई-बापासकट आत बोलवायला लागले. तिथल्या मॅडम फार नीट बोलल्या. तिला ताल चांगला आहे, कष्ट घ्यायची तयारी आहे, पण या नाचाला कंबरेच्या सांध्यातून पाय जेवढा बाहेर वळावा लागतो तेवढा तिचा वळत नाही. तो काहीसा सरावानं सुटतो, काहीसा सुटत नाही. या वर्षी आम्ही घेऊ शकत नाही. तिला वाटलं तर पुढच्या वर्षी परत या.

मुलगी मान खाली घालून ऐकत होती. बापानं अशा वेळी मुलीच्या खांद्यावर हात ठेवायचा असतो. मी शेती खात्यातल्या आवाजात, जरा पुढं वाकून विचारलं, "मॅडम, याच्यासाठी कुणाला भेटावं लागेल?"

त्यांना कळलं नाही. म्हणून मी फोड करून सांगितलं, की कुणाचा शब्द चालतो, आमदारांचा फोन आला तर काही होईल का. माझ्या टेबलासमोर गेली वीस वर्षं लोक हेच विचारत आलेत, मला तो अगदी सभ्य प्रश्न वाटत होता. मॅडम मुलीकडं बघून म्हणाल्या, "तू आज छान नाचलीस." मुलगी बाथरूमला जाऊन आली आणि आम्ही निघालो.

वाईपासून साताऱ्यापर्यंत मी त्या शाळेला नावं ठेवली. साताऱ्यापासून उंब्रजपर्यंत, मुळात बॅले ही कशी आपल्या हवामानाला न मानवणारी गोष्ट आहे, हे सांगितलं. निवडलेल्या मुली कुणाच्या कोण असतील याचा छडा लावायलाही सुरुवात केली. ती मागून एकदाच म्हणाली, "पप्पा, जाऊ द्या ना." आणि कराडचा पूल ओलांडताना मला फ्लेक्स आठवला.

तो दुपारीच लागला असणार. मी मनात रस्ते शोधायला लागलो. तासगावकडून लांबचा फेरा मारून गावात मागच्या बाजूनं शिरता येईल. कराडातून गाडी वळवली तेव्हा बायकोनं विचारलं, इकडं कुठं? मी म्हणालो, हायवेला काम चाललंय. हायवेला आमच्याकडं काम चाललेलंच असतं, त्यामुळं ते खपलंही असतं. तेवढ्यात फोन वाजला आणि गाडीच्या स्पीकरवर आण्णांचा आवाज भरला.

"कुठवर आलायसा? पोरं हलगी घिऊन चौकात थांबल्याती."

"कशाला?" मुलीनं विचारलं. मी फोन कट केला. मी गाडी परत हायवेला घेतली.

चौकात दहा फूट उंचीची माझी मुलगी पाय वर करून उभी होती. खाली हलगी कडाडत होती. आण्णा, फ्लेक्सवरचं मोठं अक्षर तेवढं वाचून, झेंडूचा हार घेऊन पुढं उभे. मी गाडी थांबवली आणि स्टिअरिंग घट्ट धरून बसलो. निकाल पुढं ढकललाय असं सांगावं का, याची जुळवाजुळव मी करत होतो. तेवढ्यात दोघंजण खिडकीशी आले. मी काच खाली घेतली. त्यांनी हात हातात घेतला, म्हणाले, नाव काढलं पोरीनं. आणि मी म्हणालो, "सगळे तुमचे आशीर्वाद."

हे मी मुलीच्या देखत म्हणालो. आयुष्यात लाज वाटावी अशा गोष्टी मी बऱ्याच केल्यात, पण एवढ्या कमी शब्दांत कधी नाही.

मागचं दार उघडल्याचा आवाज आला. ती उतरली, फ्लेक्सकडं एकदा बघितलं, आणि सरळ चालत आण्णांसमोर जाऊन उभी राहिली.

"आण्णा, मला नाही घेतलं."

ती ओरडून बोलली नाही, त्यामुळं आधी फक्त पुढच्या हलगीवाल्याला ऐकू आलं आणि तो थांबला, मग त्याच्या शेजारचा, मग मागचे. आण्णांनी हार शेजारच्याच्या हातात दिला. पुतणीच्या डोक्यावर हात ठेवला. "बरं," म्हणाले. "खाल्लंयस का काय?" तिनं मान हलवली. "मला बेळगावच्या भरतीतनं तीन डाव माघारी धाडल्यालं," ते म्हणाले. "एक डाव तर निसत्या दातापायी. चल घरला. कसं झालं सांग मला."

दोघं चालत निघाली. ती हातवारे करून काहीतरी सांगत होती, ते मान डोलवत होते. त्यांच्या मागून मी पहिल्या गिअरमध्ये गाडी चालवत होतो. फ्लेक्स पोरांनी पाच मिनिटांत कोयत्यानं दोऱ्या तोडून उतरवला, आणि कुणीही हसलं नाही. आमच्या भागात भरतीवरून परत आलेलं कुणीतरी प्रत्येक घरात असतं. त्यात हसण्यासारखं काय आहे हे त्यांना समजलंच नसतं.

मी मात्र ताप आल्याचं कळवून चार दिवस घराबाहेर पडलो नाही. लोक काय म्हणतील याचा विचार करता करता मी एका निर्णयाला आलो: क्लास बंद. पोरीला उगाच त्रास नको. हे मी तिच्यासाठीच करतोय, अशी माझी खात्री होती. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "ताप तुम्हाला आलाय. क्लास तिचा का बंद?"

मंगळवारी चार वाजता मुलगी पिशवी घेऊन गाडीपाशी उभी होती. मी तिला गाडीत बसवलं आणि फाटकातच तयार केलेलं भाषण सुरू केलं. अर्ध्यावर तिनं थांबवलं.

"मी क्लासला जाणार आहे," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी परत देणार आहे. फक्त निकाल लागला की मी आधी आण्णांना सांगीन. तुम्हाला नंतर."

मी विचारलं, का?

तिनं बराच विचार केला. रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. "आण्णांना सांगितलं की ते मला विचारतात, कसं झालं. तुम्हाला सांगितलं की मला तुमचीच समजूत काढायला लागते. मला तेव्हा नाही जमत ते, पप्पा."

मी गाडी चालू केली. रडलो तर परत तिलाच समजूत काढावी लागणार, म्हणून रस्त्याकडं बघत राहिलो. उसाचे दोन ट्रॅक्टर ओलांडले. आष्टा आलं, गेलं. दोन-अडीच वर्षं मी तिला नेत-आणत होतो, गावभर तिच्याविषयी बोलत होतो, आणि पडद्यामागं त्या दिवशी तिनं काय केलं हे मला माहीतच नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

"पाचगणीत तू काय नाचलीस?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडं बघितलं, खरंच विचारतोय का ते पाहिलं. मग पिशवी खाली ठेवली, दोन्ही हात मोकळे केले आणि सांगायला लागली. सांगली आली, दवाखान्यासमोर गाडी उभी राहिली, तरी तिचं संपलं नव्हतं.