दोन पोती ज्वारी आणि अडीच किलो तूप

सरकारनं मला जन्मात एकदाच काही विचारलं, आणि तेही मी खोटं सांगितलं.

बहात्तर-त्र्याहत्तरच्या दुष्काळातली गोष्ट. आमचं गाव भूम तालुक्यातलं. विहिरीत बादली सोडली की खालनं दगडाचा आवाज यायचा. सगळं गाव पाझर तलावाच्या कामावर. मी माती खांदायचो, बायको टोपल्यानं वाहायची. रेशनवर लाल मिलो मिळायची, परदेशातनं आलेली ज्वारी. तिची भाकरी थापताना कडंनं चिरायची आणि खाताना घशात अडून बसायची. पण मिळायची, म्हणून माणसं जगली.

त्याच साली मी गावच्या सोसायटीवर पंच म्हणून निवडून आलो होतो. शिक्षण चौथी, तेही मास्तराला माझा कंटाळा आला म्हणून पास. पण पंच झालो आणि टोपी तिरकी झाली. चालताना हात पाठीमागं बांधायला लागलो. बायको म्हणायची, "हात मोकळं सोडा की. ठेच लागली तर नाकावर पडताल."

भूमच्या बाजारादिवशी तलावाचं काम बंद असायचं. तसल्याच एका दिवशी दुपारी एक तरुण सायेब आला. पायात धुळीनं भरलेल्या चपला, काखेत लांबलचक छापील कागद. म्हणाला, देशभर पाहणी चाललीय, लोक महिन्याला काय खातात, काय वापरतात ते लिहून घ्यायचंय.

मी म्हणालो, "बरोबर घरी आलात. पंचाला इचारल्याबिगर गावाचं काय कळणार?"

तो म्हणाला, "तसं नाही हो. गावातल्या घरांची यादी केली, त्यात ठराविक अंतरानं एकेक घर घेतलं. तुमचा नंबर लागला."

मला ते पटलंच न्हाय. मला वाटलं, आलाय पंचाकडंच, फक्त सायेब उघड बोलत नसेल.

ओट्यावर घोंगडं टाकलं. बघता बघता गल्लीतली पाच-सहा माणसं जमली. चुलते तर पानाची चंची घेऊन माझ्या शेजारीच टेकले. ज्यांनी मला मतं दिली ती माणसं समोर, आणि हातात कागद घेतलेला सायेब पुढ्यात. माझ्यासारख्याची अक्कल जायला एवढं पुष्कळ होतं.

सायेबानं विचारलं, "घरात माणसं किती?"

"पाच. म्या, मालकीण, आई, दोन लेकरं."

"गेल्या तीस दिवसांत ज्वारी किती लागली?"

आता खरं सांगायचं तर मला पत्ता न्हाय. ज्वारी कणगीत असते, भाकरी ताटात येते, मधलं काम कोण करतं ते मी कधी बघितलं नव्हतं. पण पंचाला ठाऊक न्हाय असं असतंय का? छाती काढून सांगितलं, "दोन पोती."

"विकतची की घरची?"

"घरचीच. आमच्यात रेशनचं कुणी खात न्हाय."

माझ्या दाढंत तवा सकाळच्या मिलोचा कण अडकला होता. जिभेनं तो काढत काढत बोलत होतो.

सायेबानं कागदाच्या कडंला आकडेमोड केली. "दोन क्विंटल, पाच माणसं. म्हणजे रोज माणशी सव्वा किलोच्या वर झाली. लहान मुलंसुद्धा?"

"खाणारी माणसं हैत आमची."

चुलते म्हणाले, "आरं, बैल धरून सांगतुयास का बैल सोडून?"

माणसं हसली. मी चिडलो. चिडलेल्या माणसाला थांबायचं कळत न्हाय. सायेब पुढं गेला. डाळ? वीस किलो. गोडेतेल? एक डबा. तूप?

"अडीच किलो," मी म्हणालो. अर्धा किलो कशाला घातला, मला अजून कळलं न्हाय. तीन म्हणलो असतो तर थाप वाटली असती, अडीचला हिशोबाचा वास येतो, असं काहीतरी डोक्यात असेल.

"दुभतं जनावर आहे?"

"एक म्हैस हाय."

"कुठं आहे?"

"जनावरांच्या छावणीत."

सायेबानं पेन थांबवलं. चुलत्यांनी पान थुंकून वाट मोकळी केली आणि म्हणाले, "लिवा, सायेब. तूप ह्याचं छावणीतनं पोस्टानं येतंय."

त्या यादीतलं माझं एकच उत्तर खरं होतं. विडी. रोज एक बंडल. ते मी न अडखळता सांगितलं. घरातली तेवढीच वस्तू मी स्वतः आणायचो आणि स्वतः संपवायचो.

सायेब वयानं लहान, पण शहाणा. मला खोटा म्हणाला न्हाय. म्हणाला, "स्वयंपाकाचं बाईंना जास्त माहीत असतं. त्या दारातूनच सांगतील, चालेल का?"

सगळ्यांदेखत नको कसं म्हणणार? बायको दाराआड उभीच होती. डोईवरचा पदर आणि कडीवरची बोटं तेवढी दिसत होती. सायेबानं किलोत विचारलं तर तिला सांगता येईना. मग तीच म्हणाली, "भाकरी मोजून सांगू का?"

"सांगा."

"सकाळच्या पारी सात. सांजच्याला सहा. पीठ रेशनच्या मिलोचं."

माझे कान तापले. ओट्यावर मात्र कुणी हसलं न्हाय, कारण मिलो सगळ्यांच्याच घरात होती.

सायेब लिहीत लिहीत म्हणाला, "सकाळच्या सात कुणाकुणाला?"

"ह्यास्नी तीन. आत्याबाईंना दोन. लेकरांना येक येक."

"सात झाल्या. आणि तुम्हाला?"

दाराची कडी नुसती वाजली. सायेबानं वर बघितलं. "तुमची भाकरी?"

"ऱ्हायली तर."

"आणि संध्याकाळच्या सहा?"

"ह्यास्नी दोन, आत्याबाईंना दोन, लेकरांना येक येक."

सायेबानं बोटावर मोजलं. मीही मोजलं. चौथी शिकलेल्यालाही ते गणित येत होतं. पण मी ते नऊ वर्षांच्या संसारात मांडलं नव्हतं. आमच्यात बाईमाणूस मागनं जेवतं. मी जेवून हात धुवून ओट्यावर विडी पेटवायचो, तवर आत काय होतं ते आपलं बघायचं काम न्हाय, अशीच रीत.

सायेबाच्या कागदावर बाहेर फुकट मिळालेल्या खाण्याचाही रकाना होता. त्यानं विचारलं, "कामावर दुपारी सुखडी वाटतात, ती तर तिथंच खात असाल?"

"पदरात बांधून आणते. लेकरं वाट बघत्यात."

"मग तुम्ही खाता काय?"

"परातीत पीठ ऱ्हातंय की. त्याची आंबील करून पिते."

तवा मला काय वाटावं? लाज वाटावी. वाटली, पण भलतीच. मला वाटलं, हिनं चव्हाट्यावर माझं नाक कापलं. मी ओरडलो, "आत जा! सायेबाला काय बी सांगतीस!"

कडीवरची बोटं गेली.

चुलते चंचीची दोरी गुंडाळत म्हणाले, "पंचा, तिला आत घालून भाकऱ्या वाढणार हैत का?"

सायेबानं कागद समोर धरला, रकान्यात माझे आकडे, कडंला तिच्या भाकरी. म्हणाला, "मला एकच लिहायचंय. तुमचं लिहू की बाईंचं?"

मी तिरकी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणालो, "तिचं लिवा."

त्यानं माझे आकडे एकेक करून खोडले. दोन पोती गेली. डाळ गेली, डबा गेला. तूप खोडताना त्याला हसू आवरलं न्हाय, आणि मलाही. मग तो म्हणाला, "आता घरातल्या प्रत्येकाची तीस दिवसांतली जेवणं. तुमची साठ. आईंची साठ. बाईंची?"

कुटुंबप्रमुख म्हणून वर माझंच नाव होतं. मला सांगता येईना. म्हणालो, "वीस लिवा."

आतनं आवाज आला, "वीस काय म्हणून? चाळीस लिवा. पंचमीला दोनी येळा जेवले. आन् पाव्हणं आलते तवा बी जेवले की."

सायेबानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "चाळीस लिवा."

माझी थाप माझ्या तोऱ्यासाठी होती. तिची कुणासाठी होती ते ओट्यावरच्या सगळ्यांना कळलं. मला घरात जाईपर्यंत कळलं न्हाय.

त्या दिवशी सांजच्याला मी ताटावर बसलो आणि एक भाकरी तिच्यापुढं सारली. म्हणालो, "बस. माझ्यादेखत खा."

आई म्हणाली, "आगं बया, ह्याला काय झालं?"

बायको म्हणाली, "काय न्हाय, आत्याबाई. सरकारनं दम दिलाय."

भाकरी तिनं अर्धी केली आणि अर्धी माझ्या ताटात परत टाकली. मी ती पुन्हा तिच्याकडं टाकली. असं दोनदा झालं, आणि तिसऱ्यांदा ती चुलीजवळच्या राखेत पडली. मिलोची असली तरी भाकरी ती. राख झटकून आम्ही दोघांनी खाल्ली. ती तोंडावर पदर धरून हसत होती.

इथं मी सुधारलो असं लिहायला बरं वाटलं असतं. पण आठ-दहा दिवसच ते चाललं. पुढं पाऊसपाणी झालं, घरची ज्वारी आली, आणि मी पुन्हा पयला जेवून ओट्यावर विडी पेटवायला लागलो. तिनं विचारलं न्हाय, मी सांगितलं न्हाय. तिनं पोटभर खाल्लं का, हे त्यानंतर मी कितींदा बघितलं? सायेब पुन्हा आला असता तर मला पुन्हा अंदाजेच सांगावं लागलं असतं.

तिला जाऊन दोन वर्षं झाली. आता सून ताट घेऊन येते तवा मी म्हणतो, "आधी तू जेव." तिला वाटतं, म्हातारा कालवणाला नाव ठेवतोय. ती म्हणते, "मामा, मीठ कमी पडलंय का?" मी म्हणतो, न्हाय. तरी ती मिठाचा डबा आणून ठेवते, ताट माझ्यापुढं सरकवते आणि जेवायला आत निघून जाते. मला गुडघ्यामुळं पटकन उठता येत न्हाय, म्हणून बसल्या जागेवरनं ओरडतो, "किती घेतल्या गं?"

ती आतनं सांगते, "दोन, मामा."

मग मी जेवतो.