चावी न देणारी बिरेकअक्का

गाणगापुरात गाडी दुरुस्तीला देणं सोपं होतं, परत मिळवणं अवघड. निदान बिरेकअक्काकडून तरी. चाकात काही खटकलं की ती आधी गाडीची चावी काढून लुगड्याच्या ओच्यात खोचायची आणि मग तोंड उघडायची. एकदा चावी तिथे गेली की मालक येवो, हवालदार येवो, काम तिच्या मनासारखं होईपर्यंत ती बाहेर निघायची नाही. जीप स्टँडवरचे आम्ही ड्रायव्हर तिच्या नावाने बोटं मोडायचो आणि ब्रेक दाखवायला तिच्याकडेच जायचो. "गाडी तुझी आसंल," ती म्हणायची, "उतारूचा जीव तुझा न्हाई."

तिचा नवरा आधी स्टँडजवळच्या शेडमधला मिस्त्री. नव्वदनंतर आमच्या भागातून पुण्याकडे जी रीघ लागली, त्यात तोही गेला आणि एका कारखान्यात लागला. थोड्याच दिवसांत तो तिला न्यायला आला. लग्नापासून ती त्याच्या हाताशी नटबोल्टचे पाने देत बसलेली, पुढे पुढे तर अर्धं काम तीच करायची. ती म्हणाली, "तिकडं तुमी दुसऱ्याच्या हाताखाली, मी तुमच्या हाताखाली. कामून येऊ? हितं पाने माझ्या हातात हायत." तो दोन दिवस रुसून बसला आणि एकटाच परत गेला. स्टँडवर पैजा लागल्या की महिन्याभरात शेडला कुलूप लागेल. बाईच्या हाताने ब्रेक करून घेणारा माणूस कोण मिळणार, असं म्हणणाऱ्यांत मी सगळ्यात पुढे होतो.

आणि गेलोही मीच. तेव्हा मी कमलनगरहून भाविक घेऊन यायचो. व्हॅनचा ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढायची आणि त्या बाजूच्या चाकातून जळका वास यायचा. दुसरा मिस्त्री लग्नाला गेलेला, म्हणून नाइलाजाने अक्काच्या शेडसमोर उभा राहिलो. तिने चाकाजवळ हात धरला, नाक मुरडलं, चावी ओच्यात घातली. चाक उतरवल्यावर ब्रेकचे दोन्ही पॅड माझ्या तळहातावर ठेवले. एक झिजून पत्र्याला लागलेला, दुसरा जाडजूड. "दोनी संगंच बसवलेत न्हवं? मग ह्यो येकटाच कसा संपला? पिस्टन जाम हाय. पुढं गेलाय, मागं येईना झालाय."

नवे पॅड जाड असतात, ते बसवायचे तर पॅडला दाबणारा पिस्टन आत ढकलावा लागतो. तिने ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडलं, पिस्टनवर जुना पॅड धरला आणि शिकंजा आवळला. पिस्टन हलेना. मी म्हटलं, अक्का, हातोडीने एक ठोका दे. "आदी तुझ्या गुडघ्यावर दिऊन बगू का?" मग पिस्टनचं घर म्हणजे कॅलिपर, त्याच्या हवा काढायच्या निपलला तिने नळी लावली, तिचं दुसरं टोक बाटलीत सोडलं आणि निपल सैल केलं. ऑइलला बाहेर वाट मिळाल्यावर पिस्टन सरकला, तर खोट मागच्या रबरी पाइपात. तरीही नाही सरकला, तर खोट पिस्टनचीच. तो नाहीच सरकला. शेवटी निपल आवळून, कॅलिपर सोडवून तिने त्यात लाकडाचा तुकडा धरला, मला हळूहळू ब्रेक दाबायला लावला, आणि ऑइलच्याच जोराने पिस्टन बाहेर काढला.

त्यावर राखाडी थर होता, वाळल्या चुन्यासारखा कडक. तिने तो नखाने खरवडला, वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. "भस्म लावलास का रं चाकाला?"

"व्हय. समदेच लावत्यात."

खरंच सगळे लावत. आमच्याकडे रीतच होती तशी. लांबून गाडी आली की ड्रायव्हर ती थेट नद्यांच्या संगमात घालायचा. चाकं तापलेली, तशीच पाण्यात. आंघोळ झाली की तिथल्याच भस्माच्या डोंगरावरची मूठभर विभूती ओल्या चाकांना आतून-बाहेरून चोळायची, म्हणजे परतीच्या वाटेत देव सांभाळतो. पिस्टनवरचं धूळ अडवणारं रबर कुठे फाटलेलं असलं की हे ओलं भस्म आत शिरायचं आणि वाळून घट्ट बसायचं. अक्काने पिस्टन आणि त्याची खोबण ब्रेक ऑइलनेच धुतली, रॉकेलला हात लावू दिला नाही, कारण रॉकेलने आतलं रबर फुगतं. नवं रबर घातलं, ऑइलमध्ये शिरलेली हवा काढली, चावी दिली आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं म्हणाली, "भस्म कपाळाला. बिरेकाला न्हाई."

त्या वाक्यावरून गावात बराच धुरळा उडाला. बाई देवाला नावं ठेवते म्हणाले. एका जुन्या ड्रायव्हरने तर तिच्या शेडसमोर येऊन हात जोडून सांगितलं, अक्का, असं बोलू नकोस, गाव देवावर जगतं. गंमत म्हणजे त्या सगळ्यांपेक्षा तीच जास्त देवळात जायची. दर गुरुवारी मधुकरी मागून आणायची आणि शेडमध्ये बसून खायची. त्या ड्रायव्हरलाही तिने आधी घास दिला आणि मग उत्तर दिलं. "देवाला हजार कामं हायत. बिरेक दाबायला त्यो खाली उतरंल का? त्ये काम तुझं."

ती चुकायचीही. एकदा घाईत तिने निपल उघडून बघायचं सोडलं, पिस्टनच जाम आहे म्हणून सगळं खोललं, धुतलं, नवं रबर घातलं, आणि चाक पुन्हा अडकलं. मालक चिडून बोलत होता. मग तिने निपल सैल केलं. ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं फिरायला लागलं. पाइप आतून फुगून बंद झाला होता. ऑइल जायचं, परत यायचं नाही. अक्का उठून रस्त्यात आली आणि म्हणाली, "ऐका रे समदे. माझं चुकलं. पिस्टन बरा व्हता, पाइप सडला व्हता." आणि लगेच मालकाकडे वळून, असला सडका पाइप घेऊन माणसं नेतोस कसा, म्हणून त्यालाच झापायला लागली. चूक कबूल करतानाही तिचा आवाज कधी खाली आला नाही.

पुढे मी कमलनगर सोडून गाणगापुरातच राहिलो, लॉजवाल्या अण्णांच्या जीपवर. अण्णांचं लॉज होतं, गाड्या होत्या, आणि लॉजसमोर अक्काची शेड उभी होती ती जागाही त्यांचीच होती. माणूस वाईट नव्हता. मात्र त्यांना नाही म्हणणारं कुणी आजवर भेटलं नव्हतं.

दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी त्यांच्या जीपचे पॅड बदलायला मी गाडी अक्काकडे नेली. सोलापूरकडची म्हातारी मंडळी लॉजच्या ओट्यावर बोचकी घेऊन तयार बसली होती, त्यांना संगमावर न्यायचं होतं. पुढच्या चाकाचा पिस्टन जाम निघाला. बाहेर काढला तर गंजाने त्याला खड्डे पडलेले. असा पिस्टन घासून चालत नाही, रबर कापतो. नवा गुलबर्ग्याहून आणायचा, म्हणजे उद्यावर गेलं. चावी ओच्यात गेली.

अण्णा स्वतः आले. "अक्का, जत्रा हाय. त्या चाकाची नळी ठोकून बंद कर. बाकीच्या चाकांवर चालतीय गाडी."

"चालतीय. थांबत न्हाई."

"समदे मिस्त्री करत्यात."

"मग त्यांच्याकडं न्या."

संगमाचा उतार, खाली जत्रेची दाटी, आणि ब्रेक दाबला की एका बाजूला ओढणारी जीप. ती मलाच चालवायची होती. तरी नाही म्हणत होती ती एकटी अक्काच. अण्णांचा चेहरा लाल झाला. "सांजंपतूर गाडी दे, न्हाईतर शेड खाली कर. जागा माझी हाय."

नवऱ्यापासून वेगळी झालेली ती बाई त्या शेडच्याच जिवावर उभी होती. राहणं तिथेच, कमाई तिथलीच, गावातली पतही त्या शेडमुळे. सगळ्यांना वाटलं, आता ही नमेल. अक्काने शिडी लावली, वर चढली आणि पत्र्याचे नट सोडायला लागली. "पत्रे माझे हायत," ती वरून म्हणाली. "जागा तुमची. घ्या."

अण्णांनी दुसरा मिस्त्री आणि घरातली दुसरी चावी आणायला माणूस पिटाळला. तेव्हा ती खाली उतरली, सोडवलेला अख्खा कॅलिपर उचलला, उघड्या जमिनीवर मांडी घालून बसली आणि तो मांडीत घेतला. "चावी दुसरी हाय. ह्यो दुसरा कुठनं आणता?" ओट्यावरून हे सगळं बघणारी एक म्हातारी उठली, बोचकं काखेत मारलं आणि आपल्या लोकांना म्हणाली, "चला गं, पायीच जाऊ." सगळी मंडळी तिच्यामागून चालू लागली. मी शिडीवर चढलो आणि उरलेले पत्रे सोडवायला लागलो. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. माझी नोकरी तिथेच संपली हे दोघांनाही कळलं होतं.

जत्रेच्या दिवशी जीप जॅकवर उभी होती. संध्याकाळी मी गुलबर्ग्याहून पिस्टन आणला. अक्काने तो बसवला, हवा काढली, पायाने ब्रेक कडक होईपर्यंत दाबून बघितला आणि चावी अण्णांच्या हातात दिली. अण्णांचा राग एव्हाना उतरला होता. म्हणाले, "ऱ्हाऊ दे अक्का, बोलून गेलो. बांध परत शेड."

"शबूद तुमचा व्हता," ती म्हणाली. "मी पाळायले."

स्टेशनच्या रस्त्याला तिने पाने मांडले. गिऱ्हाईक आलं, आधीपेक्षा जास्त आलं, पण पत्रे मागे तसेच पडून राहिले. राहायला तिने एक खोली बघितली, कामाच्या जागेवर मात्र छप्पर घातलं नाही. मला गावात कुणी गाडीवर ठेवेना, म्हणून मी पुण्याला निघालो. रेल्वेला जाताना तिच्यापाशी थांबलो आणि विचारलं, कामून घातलं न्हाईस छप्पर? ऊन केवढं आहे.

"छप्पर आलं की मालक येतो," ती म्हणाली. मग हात पुसून माझ्याकडे नीट बघितलं. "तिकडं तर लई मोठे मालक आसतील. हाकलले तर ये. उघड्यावर जागा लई हाय."

पुण्यात मी कंपन्यांची माणसं नेणाऱ्या गाड्या चालवल्या. ब्रेक धड नसलेली गाडी पुढे केली की मी नाही म्हणायचो. एकापेक्षा जास्त मालकांनी मला काढलं, आणि मला त्याचं फारसं काही वाटलं नाही. बायकोला ते धाडस वाटायचं. धाडस कसलं, हाकलल्यावर जायला मला एक जागा होती.

मग एका उन्हाळ्यात गावाकडून फोन आला की अक्का गेली. कामावर बसल्या बसल्याच गेली, ऊन लागलं म्हणाले. मी त्या उन्हावर चिडलो, अण्णांवर चिडलो, सगळ्यात जास्त तिच्यावर चिडलो. दोन पत्रे टाकले असते तर काय बिघडलं असतं? रडून झाल्यावर मनात आलं, आता हाकललं तर जायला कुठेच जागा नाही. पोरांची शाळा इथे, भाड्याचं घर इथे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकाने गाडी पुढे केली. बाहेर काढताना ब्रेक दाबला, तर ती डावीकडे ओढली. मालक म्हणाला, आजचा दिवस काढ, उद्या बघू.

मी खाली उतरलो आणि न्हाई म्हणालो.