तुळसाकाकीचा गळ आत गेला

ती यादी माझ्याच हाताने लिहिलेली आहे, हे आधीच सांगून टाकतो. मागाहून कुणी तोंडावर फेकण्यापेक्षा ते बरं.

गेल्या दिवाळीनंतर आमच्या ग्रामपंचायतीने स्वच्छ गावाच्या स्पर्धेत उतरायचं ठरवलं. आगरदांड्याच्या जेटीकडे जाणारा रस्ता आमच्या गावातूनच जातो. शनिवार-रविवारी गाड्यांची रीघ लागते, आणि गाडीतल्या माणसांना दिसतं काय? सरपणाचे ढीग, फुटकी पिंपं, कोंबड्यांची खुराडी आणि कोंडाजीची भिंत. कोंडाजी वरच्या आळीतला शेतकरी. त्याने पडवीच्या भिंतीवर गंजलेले फाळ, पंख्याची पाती, सायकलची रिम असं काय काय टांगून ठेवलेलं. विचारलं तर म्हणायचा, "कामाला येतंय." गेल्या वीस वर्षांत त्यातलं काही कामाला आलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

तर घराबाहेर काय ठेवायचं नाही, याची यादी करायला माणूस हवा होता. मी निवृत्त शिक्षक, अक्षर बरं, आणि वेळ भरपूर. हौसेने बसलो आणि तेरा कलमं लिहिली. सातवं कलम असं : 'रस्त्याकडच्या भिंतीला कोणतीही लोखंडी वा पत्र्याची वस्तू टांगू नये.' ते लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर फक्त कोंडाजी होता, आणि खरं सांगायचं तर मला मनातून गुदगुल्या होत होत्या.

तुळसाकाकीचा गळ माझ्या डोक्यातच आला नाही. आमच्या बौद्धवाडीत तिचं घर माझ्या घराच्या बरोबर समोर. सकाळी ओट्यावर दात घासताना रोज तो गळ समोर दिसायचा. मी बासष्ट वर्षांचा झालो, एकही दिवस तो तिथे नव्हता असं झालं नाही. म्हणूनच बहुतेक तो मला दिसेनासा झाला होता.

विहिरीत पडलेली भांडी काढायचा हा गळ. लोखंडाची एक जाड कडी, तिला पाच वाकडे आकडे, आणि वर चाळीस हात दोर. कळशी पडो, बालदी पडो, पाण्याच्या मोटरीचा पाइप निसटून तळाला जावो, सगळं गाव तुळसाकाकीच्या भिंतीवरून गळ उतरवून न्यायचं. विचारायचं नाही, हाक मारायची नाही. न्यायचा आणि काम झालं की त्याच खुंटीवर आणून टांगायचा.

हा रिवाज पाडला तिच्या सासऱ्याने, दत्तारामबाबांनी. ते मुंबईच्या गोदीत हमाली करायचे. छप्पन साली आमच्या वाडीने धम्म घेतला, त्यानंतर दोन-एक वर्षांनी बाबांनी गोदीतल्या एका लोहाराकडून हा गळ घडवून आणला. तेव्हा वरच्या आळीच्या विहिरीवर आम्हाला मज्जाव होता. आमची विहीर खालच्या शेतात, चैत्रात तिचं पाणी मचूळ व्हायचं. अशात एकदा वरच्या आळीतल्या कुणाचा तांब्याचा हंडा त्यांच्या विहिरीत गेला आणि त्यांच्याकडचा गळ मोडलेला. त्या घरातला माणूस आमच्या वाडीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. आत येईना, मागेना, जाईना. बाबांनी गळ दिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी रस्त्याकडच्या भिंतीत खुंटी ठोकली आणि म्हणाले, "त्यांना मागायची लाज वाटते, मला तसं उभं राहिलेलं माणूस बघायची. इथं टांगतो. ज्याला लागंल त्यानं न्यावा."

पाणी भरू देत नव्हते, त्या विहिरीत आमचा गळ मात्र चालत होता. फक्त खाली सोडायच्या आधी त्याच्यावर तांब्याभर पाणी ओतायचे. तुळसाकाकी सोळाव्या वर्षी लग्न होऊन आली, तेव्हा तिने स्वतः हे बघितलंय. ती हसत सांगते, "नेताना धुवायचे आनि परत आनताना चिखलासकट टांगायचे." मला हे ऐकून अजूनही संताप येतो. तिला येत नाही, किंवा आला तरी ती तो गळ घासण्यात घालवते. इथल्या खाऱ्या वाऱ्यात लोखंड टिकत नाही. दर परत आलेल्या गळाला ती राख लावून घासायची, खोबरेल चोळायची आणि दोराची गाठ दातांनी ओढून बघायची. आता दात नाहीत, तर नात मानसी ओढते.

पुढे विहीर सगळ्यांना खुली झाली, पाणी ओतणंही हळूहळू थांबलं. उलट तुळसाकाकीलाच बोलावणी यायला लागली. तिच्यासारखा हात गावात कुणाचा नाही. "ओढू नका रं," ती कठड्यावरून ओरडते, "तळाला लागू दे. दोर ढिला पडला का हळूच फिरवा." डोळे मिटून ती दोर फिरवते आणि वर येण्याआधीच सांगते, "कळशी न्हाय, बालदी हाय." गावात कुणाच्या घरात भांडण झालंय तेही तिला आधी कळतं, कारण रागाने आदळलेली कळशी आणि हातातून सुटलेली कळशी यांचे पोचे तिला वेगळे ओळखता येतात. कळलं तरी ती बोलत नाही, हे मात्र तिचं मोठेपण.

सगळ्यात जास्त वेळा गळ नेला असेल तो आवडाबाईने. वरच्या आळीची, तुळसाकाकीच्याच वयाची, आणि धांदरटपणात तिचा हात धरणारं कुणी नाही. गळाच्या निमित्ताने दोघींची मैत्री झाली. आवडाबाई यायची, पायरीजवळच्या दगडावर बसायची, दोघी मिश्री लावायच्या, सुनांना नावं ठेवायच्या. तास तास. पण पायरीच्या आत आवडाबाईने कधी पाऊल टाकलं नाही. काकीचा मुलगा रत्नपाल, त्याच्या लग्नात काकीने तिला एकदाच हात धरून आत बोलावलं होतं. ती म्हणाली, "पाय मळलेले हायत गं, तुळसे." मग बाहेरूनच मुलाला आहेर देऊन गेली. काकीने परत कधी बोलावलं नाही, आणि मैत्रीही तुटली नाही. पायरी तेवढी मधे राहिली.

फेब्रुवारीत नियम लागू झाला. सरपंच स्वप्निल, हा आवडाबाईचाच नातू, चांगला शिकलेला आणि वागायला सरळ पोरगा. तो स्वतः दारोदार फिरला. कोंडाजीने शिव्या घालत भिंत रिकामी केली, तेव्हा मी मुद्दाम बघायला गेलो होतो. तिथून स्वप्निल आमच्या वाडीत आला आणि तुळसाकाकीच्या भिंतीपुढे थबकला. वहीतलं सातवं कलम वाचलं, माझ्याकडे बघितलं.

"गुरुजी, हे कसं करायचं?"

"अपवाद करू," मी घाईने म्हणालो. "सार्वजनिक वापराची वस्तू म्हणून सातव्याखाली पोटकलम घालतो. आत्ता लिहून देतो."

तुळसाकाकी दारात उभी राहून ऐकत होती. ती इतक्या थंडपणे बोलली की मला ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

"आमच्या घराला येगळा नियम नको, विवेक. येगळं नियम लय बघितलं."

"काकी, हा तुझ्या मानाचा..."

"समद्यांनी काढलं ना? मंग आमीबी काढू."

आणि तिने गळ उतरवला. रत्नपालने बाहेरच्या खोलीत नवी फरशी घातलेली, तिथे सून लोखंड टांगू देईना. शेवटी तो गेला पार मागे, स्वैपाकघरात, चुलीच्या वर. धुराने गंज धरत नाही, असं काकीचं म्हणणं. भिंतीवर गळाच्या आकाराचा एक फिका डाग तेवढा राहिला.

मला वाटलं होतं, प्रश्न मिटला. मार्चअखेर नळाचं पाणी दोन दिवसांआड झालं आणि गाव पुन्हा विहिरीवर आलं. म्हणजे भांडी पडणार. पण काकीकडे कुणी फिरकेना. एक आठवडा गेला, दोन गेले. ती रोज दुपारी जेवण उरकून पायरीवर येऊन बसायची आणि रस्त्याकडे बघत राहायची. आवडाबाईसुद्धा आली नाही. काकीला विचारलं तर म्हणाली, "गुडघं दुखत असतील तिचं."

एके दिवशी न राहवून मी म्हटलं, "काकी, अजून सांगतो, पोटकलम घालू. बाहेर टांग."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. मग म्हणाली, "भायेर व्हता तंवर बरं व्हतं रं. कोन आत येईल, कोन न्हाय, ते कळत न्हवतं. आता कळतंय."

साठ वर्षं जे झाकून राहिलं होतं, ते मी एका कलमाने उघडं पाडलं होतं. तेही कोंडाजीची खोड मोडायच्या नादात.

त्याच संध्याकाळी मी विहिरीवर गेलो. बघतो तर कोंडाजी सळई वाकवून केलेला गळ घेऊन कठड्यावर ओणवा. त्याची बालदी आत पडलेली, आणि तो ज्याला गळ म्हणत होता तोही दोरातून निसटून आत गेला. आता पाण्यात दोन वस्तू.

"तुळसाकाकीकडे का नाही गेलास?" मी विचारलं.

"भायेर असता तर आनला असता की. आता आत जाऊन कुटं..." तो अडखळला.

"आत जाऊन काय? बोल की."

"तसं न्हाय गुरुजी. कदी गेलो न्हाय, म्हनून."

मी चिडलो. आयुष्यात विद्यार्थ्यांवर चिडलो नाही इतका चिडलो. म्हटलं, तुझ्या बापाची बालदी त्या गळाने काढली, तुझ्या बायकोचं मंगळसूत्र काकीने पाऊण तास उन्हात उभं राहून आकड्याला अडकवून वर काढलं, आणि तुझे पाय तिच्या दारात अडतात? पाण्याला आलेल्या चार बाया थांबून ऐकत होत्या. त्यात आवडाबाई होती हे मला उशिरा दिसलं. ती डोक्यावर हंडा घेऊन निघून गेली. मला वाटलं, होतं तेही मी घालवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ओट्यावर पेपर वाचत होतो. आवडाबाई गुडघ्यांना जपत रस्त्याने आली. काखेत कळशी. ती समोरच्या पायरीपाशी थांबली आणि हाक मारली.

"तुळसे! गळ हवा व्हता गं."

आतून उत्तर आलं, "चुलीवर हाय."

काकी बाहेर आली नाही. आवडाबाई उभीच. मी पेपर तोंडासमोर धरला, पण एक अक्षर वाचत नव्हतो.

"पाय मळलेले हायत," आवडाबाई म्हणाली.

"दाराशी बालदी हाय. तांब्याबी हाय."

आवडाबाईने कळशी दगडावर ठेवली. तांब्याने पायांवर पाणी घेतलं, एकदा, दोनदा. मग चौकटीला धरून एक पाय आत टाकला, मग दुसरा, आणि ती दिसेनाशी झाली. मी पेपर आणखी वर धरला.

तास गेला. आतून कपबशांचा आवाज आला, आणि मग काकीचा, "आवडे, धूर लागतो का? हिकडं सरक." इतकी वर्षं ती तिला आवडाबाई म्हणायची. चार वाजता आवडाबाई बाहेर आली, कळशी उचलली आणि आली तशी गुडघे जपत निघून गेली.

संध्याकाळी स्वप्निलकडून कागद आला. ग्रामपंचायतीने तातडीची सभा घेऊन पोटकलम मंजूर केलं होतं, गळ बाहेर टांगायला परवानगी. आजीनेच त्याला आदल्या रात्री झोपू दिलं नाही म्हणे. कागद घेऊन मी आनंदाने काकीकडे गेलो. ती चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. गळ वर आपल्या जागी, तेल लावलेला, कोरडा.

मानसीने कागद वाचून दाखवला. काकीने ऐकून घेतला आणि भाकरी उलटली.

"ठेव तुज्याकडं. गळ हितं बरा हाय."

"अगं, पण लोकांची सोय..."

"सकाळधरनं कोंडाजी दोनदा दारापातूर येऊन गेला. तिसऱ्या खेपेला येईल आत."

मग मला एकदम लक्षात आलं. "काकी, गळ तर इथंच आहे. आवडाबाई न्यायला आली होती ना? विसरली? काय पडलं होतं तिचं विहिरीत?"

तुळसाकाकीने माझ्याकडे असं बघितलं, की सगळी नोकरी वाया गेली असं वाटावं.

"मास्तर ना तू?" ती म्हणाली. "कळशी तिच्या काखंतच व्हती की रं."