एका पॉइंटात हनीफभाई

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या मस्कतच्या शुक्रवारच्या लीगमधले नाही — निदान नसाल अशी आशा आहे.

पण थांबा, आधी माझी छोटी चूक सांगतो. मी आमच्या टीमचा मॅनेजर झालो तेव्हा पहिल्याच सामन्यात एक सुरेख गोल झाला. मी खुर्चीवरून उठलो, दोन्ही हात वर केले, शिट्टीही मारली. मैदानावर माझ्याशिवाय कुणीच नाचत नाहीये हे मला जरा उशिरा कळलं. आमच्याच बचावपटूनं आमच्याच जाळ्यात चेंडू मारला होता. ही गोष्ट मी स्वतः होऊन सगळ्यांना सांगतो. पाहुणे आले की सांगतो, गणपतीत सांगतो. लोक हसतात आणि म्हणतात, काय दिलखुलास माणूस आहे, स्वतःवर हसतो. बरोबर आहे. पण कधी कधी वाटतं — ही छोटी चूक मी पुढे करतो ती दुसरी मागे राहावी म्हणून तर नाही?

तर ती दुसरी.

मी बावन्न वर्षांचा, मूळचा पुण्याचा, इथं एका कंपनीत खरेदी खात्यात. फुटबॉलला आयुष्यात दोनदा पाय लावलाय, त्यातला एक चुकून. मग मॅनेजर कसा? तर घासाघीस मला येते म्हणून. आमची लीग म्हणजे अल खौदच्या टर्फवर हिवाळाभर दर शुक्रवारी होणारा सात-सात जणांचा खेळ. आठ टीम. मराठी, मल्याळी, गोव्याचे, दोन-तीन ओमानी. प्रत्येक टीमला शंभर पॉइंट मिळायचे आणि तेवढ्यातच दहा खेळाडू बसवायचे. एकदा घेतलेला खेळाडू दोन सीझन तुमचा. मग तो मोकळा. मोकळ्यांवर बोली लागते. आहे सगळं हौशी, पण चेहरे असे असतात की जणू जगाचं लक्ष अल खौदकडे लागलंय.

त्या वर्षी एक सुपरमार्केटवाला आणि एक ट्रॅव्हलवाला असे दोन स्पॉन्सर गेले, आणि समितीनं शंभराचे सत्तर केले. सगळ्या मॅनेजरांची झोप उडाली. माझी जास्त, कारण माझा गोलकीपर वीस पॉइंटांचा आणि स्ट्रायकर पंचवीसचा, दोघांचं एकेक वर्ष बाकी. म्हणजे पंचेचाळीस आधीच गेले. उरले पंचवीस आणि माणसं हवीत आठ. त्यात हनीफभाई मोकळे झालेले.

हनीफभाई म्हणजे रत्नागिरीचे. रुसैलला एका गोडाऊनवर सुपरवायझर. वय बेचाळीस, पोट थोडं सुटलेलं, पळणं फारसं नाही. पण मध्यावर उभा राहून हा माणूस चेंडू असा द्यायचा की घेणाऱ्याला वाटावं आपणच हुशार. मागच्या वेळी मीच त्यांना बावीस पॉइंटांना घेतलं होतं. आमची घरं जवळ, येणंजाणं. ते मला भाऊ म्हणायचे. अजून म्हणतात — तेच तर दुखणं आहे.

माझी मुलगी सई तेव्हा अकरावीत. परदेशातल्या लीगांचं तिला सगळं पाठ, मराठी मात्र अडखळत. तिनं मला चार वाक्यांत शहाणं केलं. म्हणाली, "बाबा, पॉइंटचा कॅप कमी झाला ना, की स्टार लोकांना मिळतंच. नवीन मुलं स्वस्तच असतात. मधले जे असतात, थोडे ओल्ड, ते — काय म्हणतात — चिरडतात. तुम्ही फक्त वेट करा."

म्हणजे थांबायचं. बाकीच्यांचे पॉइंट संपू द्यायचे, आणि शेवटी मधल्यांना उचलायचं. चोख सल्ला होता. त्यात खोटं काही नव्हतं. ते मी घातलं.

कारण हनीफभाईंसाठी कुणी थांबणार नव्हतं. निदान तीन टीमच्या याद्यांत ते वर होते, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि खरेदीत एवढी वर्षं काढल्यावर एक सवय लागते. जो माल आपल्याला हवाय, त्याला आधी नावं ठेवायची. पण हनीफभाईंच्या खेळाला नाव ठेवलं असतं तर हसले असते सगळे. मग काय करायचं?

एका संध्याकाळी करक चहाच्या दुकानासमोर गाडीत बसलो होतो. इथं हॉर्न वाजवला की चहा गाडीत येतो. शेजारच्या गाडीत कुट्टीसाहेब, दुसऱ्या टीमचे मॅनेजर. काच खाली करून त्यांनी सहज विचारलं, हनीफला ठेवताय का? आणि मी कपाकडे बघत म्हणालो की ठेवलं असतं हो, पण त्यांची सलालाहला बदली होतेय असं ऐकतो. इन्शाल्ला अजून नक्की नाही. कुणाला बोलू नका.

बस. एवढंच. सलालाह इथून हजार किलोमीटर, तिथला माणूस शुक्रवारी अल खौदला खेळणार कसा? आणि 'कुणाला बोलू नका' हे मी का जोडलं, ते तुम्ही ओळखलंच असेल.

तीन दिवसांत सगळ्या मस्कतला कळलं. इथं माणूस जाणार म्हटलं की लोकांना आधी दुःख होतं आणि लगेच त्याचा फ्रीज आठवतो. नजमाभाभींना, म्हणजे हनीफभाईंच्या बायकोला, फोन सुरू झाले. एकीला वॉशिंग मशीन हवं होतं. एकीला सोफा, पण कव्हरं नवीन असतील तरच. एक जोडपं तर घरमालकाला विचारून फ्लॅट बघायला आलं आणि त्यातल्या बाईंनी पडद्यांसाठी खिडक्या मोजल्या. नजमाभाभी जीव तोडून सांगत होत्या की आम्ही कुठेही जात नाही. पण इथली रीत तुम्हाला माहीत नसेल. इथं जो खरंच जाणार असतो तो तिकीट हातात पडेपर्यंत नाहीच म्हणतो. त्यामुळे त्या जितकं नाही म्हणाल्या तितकी लोकांची खात्री पटत गेली.

आणि बाल्कनीतली कढीपत्त्याची कुंडी मागायला कोण गेलं? मेधा. माझी बायको. तिनं ते मंडळात ऐकलं होतं. नजमाभाभी तिला म्हणाल्या, आम्ही जात नाही वो, पण तुम्ही एवढं तोंड उघडून मागितलीत तर घेऊन जा. मेधा ओशाळली, पण कुंडी घेऊन आली. अशी रसरशीत कढीपत्त्याची कुंडी या उन्हात मिळते कुठं? त्या दिवसापासून माझ्या आमटीत तो कढीपत्ता पडतो. मी तो ताटाच्या कडेला काढून ठेवतो. मेधाला वाटतं मला आवडत नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हे गणपतीतसुद्धा सांगितलं असतं. हो ना? गंमतच होती की. पण एक दिवस हनीफभाई घरी आले. नेहमीसारखे बसले नाहीत, दारातच उभे. म्हणाले, "भाऊ, तुमचे कान मोठे. माझ्या बदलीचं तुमच्या कानावर काय आलंय काय? मला हापिसात कोण काय सांगत नाय."

लोकांनी इतकं सांगितलं होतं की त्या माणसाला आता स्वतःच्याच बदलीची शंका येत होती. रुसैलला त्यांनी मॅनेजरला विचारलं, तर त्याला काहीच माहीत नव्हतं, म्हणून तो म्हणाला की चौकशी करून सांगतो. झालं — यांचा धीरच खचला. मुलगा दहावीत, शाळा बदलायची कशी, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं.

तेव्हा सांगता आलं असतं. एकच वाक्य होतं. दारात दुसरं कुणी नव्हतं. मी म्हणालो, छे हो, लोक काय काहीही बोलतात. आणि पाणी आणायला आत गेलो. पाणी आणायला किती वेळ लागतो? मला बराच लागला.

तरी अजून खरी गोष्ट आलेलीच नाही. बघताय ना मी कसा फिरतोय तिच्याभोवती? आता सांगतो.

बोलीचा दिवस. एका हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये जुम्म्याच्या नमाजानंतर सगळे जमलो. खेळाडू भिंतीकडेच्या खुर्च्यांवर, मॅनेजर टेबलांशी. नियम असा की पहिल्या फेरीत पाचापासून बोली. कुणीच हात वर केला नाही तर त्या खेळाडूचं नाव बाजूला, आणि जेवणानंतरच्या दुसऱ्या फेरीत तो एका पॉइंटपासून.

हनीफभाईंचं नाव पुकारलं. ते उठून उभे राहिले आणि खरखरीत आवाजात म्हणाले की मी कुठं जात नाय, कंपनीनं कालच सांगितलंय. कुट्टीसाहेबांनी मान हलवली, समजूतदारपणे. त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं — बिचारा, शेवटपर्यंत नाही म्हणतोय.

एकही हात वर गेला नाही. पुकारणाऱ्यानं दुसऱ्यांदा नाव घेतलं.

आता बघा, माझ्याकडे पंचवीस पॉइंट होते. पाच मला परवडत होते. त्या क्षणी माझा हात वर गेला असता, तर खोटं बोलून का होईना, मी मित्राला भर सभेत असं एकटं उभं राहू दिलं नसतं. पण माझ्या डोक्यात सईचं 'वेट करा' होतं. पाचाला कशाला, जेवणानंतर एकाला मिळतील. चार पॉइंट वाचतील. मी माझ्या हातावर दुसरा हात ठेवून बसलो. तुम्हाला हे पटणार नाही, पण मी तो धरून ठेवला होता.

तिसऱ्यांदा नाव घेतलं. मग 'बाजूला' असं म्हटलं गेलं.

हनीफभाई खाली बसले. वाकून चपलेचा पट्टा नीट करू लागले. पट्टा नीटच होता. बराच वेळ करत राहिले.

मग सगळे बिर्याणी जेवलो. मी दोनदा वाढून घेतली, हेही आता लपवत नाही.

दुसऱ्या फेरीत मी हात वर केला आणि म्हणालो, एक. कुणी वर गेलं नाही. हॉलमध्ये टाळ्या पडल्या — बघा, जाणाऱ्या मित्रालाही सोडलं नाही. हनीफभाई उठून माझ्या टेबलापाशी आले, माझा हात दोन्ही हातांत घेतला. हो, तोच हात. म्हणाले, "भाऊ, येवड्या मानसांत तुमी एकट्यानी हात वर केलात. मी इसरनार नाय."

आणि ते विसरले नाहीत, हीच माझी शिक्षा म्हणा. उरलेल्या चोवीस पॉइंटांत मी सात तगडी पोरं घेतली. आम्ही दुसरे आलो. सई म्हणाली, बाबा, यू आर अ जीनियस. समितीनं मला लाकडी ढाल दिली, 'माणूस जपणारा मॅनेजर' म्हणून. ती आमच्या शोकेसमध्ये आहे. मेधा दर शनिवारी पुसते.

हनीफभाईंनी मात्र त्या सीझननंतर बूट ठेवून दिले. बदली कधी झालीच नाही, अजूनही रुसैललाच आहेत. पण चेंडू द्यायच्या आधी ते थांबायला लागले होते. पूर्वी न बघता द्यायचे. विचारलं तर हसून म्हणायचे, आता एका पॉइंटाचा मानूस मी, पोरांना खेळू दे. आपण संपलो हे त्यांना त्या हॉलनं सांगितलं. हॉल खोटं बोलत होता हे सांगणारा एकच माणूस होता, आणि तो ढाल घेऊन घरी गेला.

आता शुक्रवारी ते माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसतात. नवीन पोरांना सांगतात, मॅनेजर असावा तर आमच्या भाऊंसारखा. आणि दर ईदला डबा पाठवतात — सांदणं, वर नारळाचं दूध. स्टीलचा डबा, झाकणावर नजमाभाभींचं नाव कोरलेलं. तो परत करायला दर वर्षी मेधाच जाते. मला त्या दिवशी नेमकं काहीतरी काम निघतं.

मला त्यांचा भाव पाडायचा होता. तो मी पाडला, आणि तो त्यांनी खरा मानला. पॉइंट कमी झाले नसते तर मी असं केलं नसतं का? माहीत नाही. विचारून उपयोगही नाही. केलं ते मी केलं.

आज सकाळी हे इथवर लिहिलेलं सगळं मेधाला वाचून दाखवलं. ईद परवाच झाली, डबा ओट्यावर घासून पालथा ठेवलेला होता. संपल्यावर तिनं बाल्कनीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीकडे बघितलं.

मग म्हणाली, "डबा आज तू द्यायला जा. आपल्या घरून डबा रिकामा जात नाही, तेवढं बघ. आणि जाताना ती कुंडी घेऊन जा."