हँडल सुटलं, तरी वाळू थांबली नाही

मंडळी, आज लोहा गावात आमच्या वर्कशॉपवर पाण्याच्या टँकरचा गंज काढत होतो. दुष्काळात टँकरची घाई. वाळूच्या माऱ्यानं गंज काढायचं, सँडब्लास्टिंगचं जुनं मशीन लातूरच्या जिवलग मित्राकडून घेतलेलं. दोघं एकत्र काम शिकलो, म्हणून तपासलंच नाही.

मी पहिल्यांदाच चालवलं आणि माझा पाय घसरून हँडल सुटलं. सुटलं की वाळू थांबायला पाहिजे. थांबली नाही. शेजारी उभ्या थोरल्या भावाची पोटरी सोलून निघाली.

त्याला टाके घालून आणल्यावर हँडलचा व्हॉल्व्ह उघडला. हँडल सुटताच वाळू बंद करणारी स्प्रिंगच आत नव्हती.

मित्राला फोन केला. म्हणाला, "तुटली होती. मी बी तसंच वापरत होतो."

"मग सांगितलं का न्हाई?"

"सांगितलं असतं तर तू घेतलं नसतंस."

पोटरी भरून येईल. पण याच्याशी पुन्हा बोलावं का? तुम्ही बोलला असता?