गुण्याखालचा उजेड

अरविंद गेल्याचा फोन रुवैसच्या रिफायनरीतून आला तेव्हा मी इथे आखातातच, करामातल्या घरी मेथी निवडत होते. माझा पाठचा भाऊ. ड्यूटीवरच छातीत कळ आली आणि खलास... सहा आठवडे झाले. खरं सांगते, रडू नंतर आलं, आधी आली ती शिसारी. तासाभरात माझ्या मुलानं, निखिलनं, सगळ्यांना मोबाइलवर कार्ड पाठवलं : 'आमचे मामा, सीनियर इंजिनियर'. फोटोत कोट-टाय! अहो, त्या माणसानं जन्मात टाय बांधला नव्हता. कुणाच्या तरी धडावर त्याचं डोकं चिकटवलेलं.

"फिटर लिहायला काय झालं रे?"

"आई, प्लीज. शोकसभेला माझे बॉस येणारेत."

फिटरच होता तो. आयटीआयमध्ये पहिल्या दिवशी मास्तरांनी लोखंडाचा ठोकळा आणि कानस हातात दिली, म्हणाले, घास. महिनोन्‌महिने नुसतं घासायचं. मग काटकोन तपासायचा गुण्या ठोकळ्याला लावून उजेडासमोर धरायचा. फटीतून उजेड दिसला, की पुन्हा घास. "ताई, गुण्यापुढे वशिला चालत नाही गं," म्हणायचा. त्याच हातांवर इथली नोकरी मिळाली. आणि मी? तो सुट्टीला आला, की बसण्याआधी सोफ्यावर पेपर अंथरायचे. लिंबू-साखरेनं हात चोळायला लावायचे. पाहुण्यांना सांगायचे, हा रिफायनरीत इंजिनियर. तो हसून म्हणायचा, "फिटर हो, फिटर. पंप बंद पडला, की इंजिनियर मला हाक मारतात." निखिल हे खोटं शिकला कुठून, विचारायलाच नको. माझ्याच घरात.

गेल्या वर्षी निखिलची इरा बारावी झाली. म्हणाली, "आज्जी, आय वॉन्ट टू बी अ फिटर." घरात सुतकी कळा! एकटा अरविंद खूश. निखिलच्या डिस्कव्हरी गार्डन्समधल्या फ्लॅटच्या गॅलरीत, स्टुलावर ठोकळा पकडायचा शिकंजा बसवून त्यानं तिला ठोकळा दिला. दर सुट्टीला येऊन तपासायचा. "उजेड दिसतोय, बाई. घास." कौतुकाचा शब्द नाही. पोरगी तोंड वाकडं करायची आणि पुन्हा कानस उचलायची.

शोकसभेत निखिल माइकवर म्हणाला, "इरानं इंजिनियरिंगला जावं, ही मामांची शेवटची इच्छा होती." मेलेल्या माणसाच्या तोंडी खोटं घालायचं, तेही पोरीची वाट अडवायला? इरा माझ्याकडे बघत होती. मी उठले, माइक घेतला. "माझा भाऊ फिटर होता. तो बसायचा तिथे मी पेपर अंथरायचे, त्या माझ्या वागण्याची मला आज किळस येते. नातीला त्यानं स्वतः कानस धरायला शिकवलं. बाकी सगळं खोटं आहे." आठवड्यानं एका सकाळी निखिलचा फोन, "भर म्हणावं इराला फॉर्म फिटरचा."

काल इरा ठोकळा घेऊन आली. कपड्यांवर लोखंडाचा कीस, हात काळे. तशीच धपकन सोफ्यावर बसली. अरविंदचा गुण्या लावून ठोकळा तिनं खिडकीशी धरला.

"आज्जी, स्टिल अ लिटल लाइट."

"मग घास," मी म्हटलं.

सोफ्यावर काळा डाग पडलाय... त्याच्याच जागेवर. राहू दे.