जे आईने देवाकडे मागितलं नाही

दादाला पहिल्यांदा कावीळ झाली तेव्हा तो नववीत होता आणि घरात कुणी फारसं घाबरलं नाही. भिवंडीत कामतघरला आमच्या चाळीत दर उन्हाळ्यात कुणा ना कुणाला कावीळ व्हायचीच. नळाला कधी गढूळ पाणी यायचं, कधी यायचंच नाही. शेजारच्या चाचींनी तांब्याभर उसाचा रस आणून दिला. त्यांचा नवरा समोरच्या कापडाच्या कारखान्यात लूमवर होता. "बहनजी, ये पिलाइए, हफ्ते भर में उतर जाएगा," त्या म्हणाल्या. आई प्राथमिक शाळेत शिकवायची म्हणून अख्खी चाळ तिला बहनजी म्हणायची.

कावीळ उतरली आणि दिवाळीनंतर पुन्हा चढली. मग बाबा दादाला एसटीने वज्रेश्वरीच्या पुढच्या एका पाड्यावर घेऊन गेले. मीही हट्टाने गेले होते. तिथे एक म्हातारा काविळीची मुळी द्यायचा. त्याने दादाचे हात चुन्याच्या पाण्यात धरायला लावले, पाणी पिवळं झालं, तसा तो म्हणाला, "उतरते हाय, बघा. घाबराचा काम न्हाय. तेल-तूप बंद ठेवा." आईने सांगितलं होतं म्हणून परत येताना बाबा वज्रेश्वरी देवीच्या पायऱ्या चढून नारळ वाहून आले. दादा आणि मी खालीच बसलो. त्याला पायऱ्या चढवत नव्हत्या. पाय सुजले होते, आणि ते तो कुणाला सांगत नव्हता.

त्या वर्षी त्याचं अक्षरही बिघडलं. आधी त्याचं अक्षर इतकं वळणदार होतं की आई आपल्या वर्गात त्याची वही दाखवायला न्यायची. आता ओळी खाली घसरायला लागल्या. पेन धरलं की हात थरथरायचा. आईला वाटलं, वयात आलाय, लक्ष नाही. ती त्याला रोज शाळेतून आल्यावर शुद्धलेखनाला बसवायची. तो लिहायचा, ती खोडायची, तो पुन्हा लिहायचा. एकदा तो वैतागून म्हणाला, "आई, हात ऐकत नाही गं." आई म्हणाली, "हात कसा ऐकत नाही? मन ऐकत नाही तुझं."

हे वाक्य आईने पुढे स्वतःच मला कितीदा तरी सांगितलं. मी ते विसरले असते, पण ती विसरू देत नव्हती.

पुढच्या पावसाळ्यात दादाचं पोट फुगलं आणि एका सकाळी मोरीत त्याला रक्ताची उलटी झाली. ठाण्याच्या मोठ्या इस्पितळात नेईपर्यंत त्याची शुद्ध हरपली होती. दुसऱ्या दिवशी तो गेला. लिव्हर खराब झालं होतं, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं. पंधरा वर्षांच्या मुलाचं लिव्हर का खराब व्हावं हे कुणी सांगितलं नाही आणि बाबांनी विचारलं नाही. विचारून काय होणार होतं, असं ते नंतर म्हणायचे.

मी चौदाची झाले तेव्हा माझे डोळे पिवळे दिसायला लागले. ते आईला आधी दिसले, मला नाही. शाळेला जाताना तिने माझी वेणी घालता घालता माझा चेहरा उजेडाकडे वळवला आणि तिचे हात थांबले. तिने वेणी पूर्ण केली, रिबीन बांधली, आणि मग म्हणाली, "आज शाळेत जायचं नाही. मुंबईला जायचं."

या वेळी पाड्यावर जायचा विषयसुद्धा निघाला नाही. मुंबईच्या इस्पितळात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात आणखी कुणाला कावीळ झाली होती का. आईने दादाचं सगळं सांगितलं. हात थरथरायचा, हे ऐकून त्या थांबल्या. मला डोळ्यांच्या विभागात घेऊन गेल्या. तिथे एका यंत्राला हनुवटी टेकवून मी बसले आणि एकामागून एक डॉक्टर येऊन माझ्या डोळ्यात पाहून गेले. बुबुळाच्या कडेने तपकिरी कडं होतं. शरीरात तांबं साठत होतं, आधी लिव्हरमध्ये आणि मग डोळ्यांत, मेंदूत. म्हणून हात थरथरतो, अक्षर बिघडतं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तुम्हा दोघांचं लग्न नात्यातलं आहे का?"

बाबा म्हणाले, "ही माझ्या मामाची मुलगी."

मग त्यांनी समजावून सांगितलं. हा दोष दोघांकडूनही यावा लागतो. एकाकडून आला तर काही होत नाही. तुम्हा दोघांनाही काही त्रास नाही, पण मुलांमध्ये दोन्हीकडचं एकत्र आलं. तांबं बाहेर काढणारं औषध आता हिला कायम घ्यावं लागेल. आई वर्गात बसल्यासारखी ताठ बसून ऐकत होती. शेवटी तिने एकच विचारलं, "मुलाला वेळेवर हे औषध मिळालं असतं तर?"

बाईंनी तिच्याकडे बघितलं नाही. "तेव्हा माहीत नव्हतं ना," त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर आईने पाण्याचा तांब्याचा हंडा, तांबे, पंचपात्र, पळी, सगळं गोणीत भरलं आणि भंगारवाल्याला देऊन टाकलं. भांड्यांमुळे हे होत नाही असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं होतं. बाबा म्हणाले, "अगं, देवाची तरी ठेव." तिने ऐकलं नाही. शेंगदाणे, तीळ, सुकं खोबरं त्यांत तांबं असतं म्हणून मला वर्ज्य होतं, तर तिने सगळ्यांचंच बंद केलं. आमच्याकडे भाजीत कूट पडायचं थांबलं ते कायमचं.

त्या दिवसांत ते दोघं एकमेकांशी फार कमी बोलायचे. एकदाच मी ऐकलं. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "आपण दोघांनी मिळून दिलं हे त्यांना." बाबा उठले आणि चप्पल घालून बाहेर गेले. समोरचे लूम चालू होते, त्यामुळे आणखी कुणाला ऐकू गेलं नसेल.

औषधाने मी बरीच वर्षं काढली. उपाशीपोटी घ्यायच्या त्या कॅप्सूल, त्यांचा वास अजून नाकात आहे. मी बी.कॉम. झाले. बाबा राहनाळला एका गोदामात कारकून होते, तिथेच मला हिशेबाचं काम मिळालं. आम्ही दोघं बरोबर रिक्षाने जायचो. ही वर्षं वाईट नव्हती. पण औषध सुरू होण्याआधीच लिव्हर बरंचसं निकामी झालं होतं, ते काही परत येणार नव्हतं. लग्नाची बोलणी दोनदा झाली. आईने दोन्ही वेळा आजार आधीच सांगितला, आणि ती मंडळी परत आली नाहीत.

सव्विसाव्या वर्षी माझं पोट फुगलं. डॉक्टर सुईने पाणी काढायचे, पोट पुन्हा भरायचं. रात्रभर अंग खाजायचं. गोदामात एकदा मी लिहायला घेतलेला आकडा विसरले आणि पेन धरून तशीच बसून राहिले. बाबांनी पाहिलं. त्यांनी माझ्या हातातून पेन काढून घेतलं आणि रिक्षा बोलावली.

मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता लिव्हर बदलणं हा एकच मार्ग. मेंदू मेलेल्या माणसाचे अवयव घेता येतील असा कायदा नुकताच झाला होता. दक्षिणेतल्या एका शहरात हे ऑपरेशन करायला सुरुवात झाली होती, फार थोडी झाली होती, आणि सगळी यशस्वी झाली नव्हती. बाबांनी खोली विकली. ते कुणाशी, कधी बोलले, मला माहीत नाही. मी आणि आई त्या शहरात इस्पितळाजवळच्या एका लॉजवर राहायला गेलो. बाबा चाचींच्या पोटमाळ्यावर राहून नोकरी करत राहिले आणि सुट्टी मिळेल तसे येत राहिले.

तिथल्या भाषेतला एकही शब्द आम्हाला समजत नव्हता. आई स्टोव्हवर भात-वरण करायची. लिव्हरचं विष डोक्यात चढलं की मला भ्रम व्हायचा. मी दिवसा झोपायचे, शाळेत असल्यासारखी आईला बाई म्हणायचे. म्हणून ती रोज सकाळी मला पाढे म्हणायला लावायची. "बाराचा म्हण." मी बारा चोक अठ्ठेचाळीसपर्यंत जायचे आणि पुढचं सापडायचं नाही. मग ती घाईने माझी चप्पल शोधायला लागायची. म्हणजे आता इस्पितळात जायचं, हे मला कळायचं.

लॉजजवळ देऊळ होतं. लिव्हरसाठी थांबलेल्यांचे नातेवाईक रोज तिथे जायचे. आई जात नव्हती. भिवंडीत दर चैत्रात वज्रेश्वरीला जाणारी, उपास धरणारी बाई, तिने तिथे एकदाही हात जोडले नाहीत. बाबा आले तेव्हा त्यांनी विचारलं, "जाऊन ये की. मन शांत होईल."

"जाऊन काय मागू?" आई म्हणाली. "हिला लिव्हर मिळू दे म्हणू? म्हणजे कुणाचं तरी तरुण पोर मरू दे, असंच ना ते? मला नाही मागता येणार. माझं गेलंय."

मी डोळे मिटून पडले होते. मला जगायचं होतं, आणि आईने मागावं असं मला वाटत होतं.

एका दुपारी लॉजच्या मॅनेजरने दार ठोठावलं. इस्पितळाचा फोन होता, ताबडतोब या. रिक्षात आई माझा हात धरून बसली होती, पण बघत होती बाहेर. इस्पितळातल्या बाई इंग्रजीत सांगत होत्या, रस्त्यावरचा अपघात, तरुण मुलगा. आईने मला विचारलं, "किती वर्षांचा आहे विचार." मी विचारलं. त्या म्हणाल्या, ते सांगता येत नाही.

त्यानंतरचं मला तुटक आठवतं. घशात नळी होती. काचेपलीकडे बाबा होते. पित्त गळत होतं म्हणून पुन्हा पोट उघडलं. मग ताप आला आणि तो हटेना. आमच्याच लॉजवरच्या एका गृहस्थांचं ऑपरेशन माझ्यानंतर झालं, ते वाचले नाहीत. त्यांची बायको आपलं सामान आवरून गेली, जाताना तिने आपली डाळ-तांदळाची पिशवी आईकडे दिली.

मी वाचले. नवं लिव्हर तांबं साठू देत नाही, त्यामुळे जुना आजार गेला. त्याच्या जागी, शरीराने नवं लिव्हर नाकारू नये म्हणून, जन्मभराच्या दुसऱ्या गोळ्या आल्या. आम्ही भिवंडीला परत आलो, भाड्याच्या खोलीत. लोक भेटायला यायचे, आई त्यांना दारातूनच परत पाठवायची, मला जंतू लागू नयेत म्हणून. "देवाने वाचवलं हो पोरीला," असं कुणी म्हटलं की ती नुसती मान हलवायची.

बऱ्याच महिन्यांनी, मी जरा घरात हिंडायला लागल्यावर, एकदा आई तांदूळ निवडत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि विचारलं, "आई, तो मुलगा कोण होता, तुला कळलं का गं?"

ती निवडत राहिली. मग म्हणाली, "तुला आत नेलं ना, तेव्हा मी वरच्या मजल्यावर पाणी प्यायला गेले. तिथे एक बाई बाकावर बसली होती. भोवती माणसं रडत होती, ती रडत नव्हती. मला बघताच कळलं. ठाण्याला मी अशीच बसले होते."

"मग?"

"तिच्या शेजारी जाऊन बसले. ती तिच्या भाषेत काहीतरी बोलली. लांबलचक बोलली. मला काय कळणार? मी मराठीत सांगितलं, माझा पण गेला, पंधरा वर्षांचा होता. तिलाही कळलं नसेल."

"आणि मी खाली आहे ते?"

"ते कसं सांगू तिला?" आई म्हणाली. "काय म्हणून सांगू?"

तिने सुपातले खडे वेचून बाजूला टाकले. "तिने माझा हात धरला होता. मग तिच्या माणसांनी तिला उठवलं आणि घेऊन गेले. ती जाताना मागे वळून बघत होती. मीच खाली मान घातली."

मी रडायला लागले. आईने मला जवळ घेतलं नाही. सूप ठेवून ती उठली, घड्याळाकडे पाहिलं, माझ्या गोळ्या काढल्या आणि पाण्याचा पेला माझ्यापुढे ठेवला. मी गिळेपर्यंत ती तिथेच उभी राहिली.